खिडकी मागणारा कंडक्टर

“जरा खिडकी देता का, भाऊ?”

खिडकीसाठी प्रवासी भांडतात, हे तुम्ही-आम्ही जन्मभर पाहिलं आहे. पण कंडक्टरच प्रवाशाकडे खिडकी मागतो, हे मी एकाच ठिकाणी पाहिलं, आमच्या पांढुर्णा-सौंसर गाडीत. सगळ्यांची तिकिटं फाडून झाली, पंच खिशात गेला, पेन्सिल कानावर चढली, की हा माणूस डावीकडच्या एखाद्या बाकापाशी जाऊन उभा राहायचा आणि पाव्हण्याने पाणी मागावं तसं हे वाक्य म्हणायचा.

कोणी द्यायचं, कोणी द्यायचं नाही. एकदा एका कापूस व्यापाऱ्याने त्याला त्याची स्वतःची सीट दाखवली आणि ती काय शोभेची आहे का, असं विचारलं. कंडक्टरच्या सीटशेजारची काच कधीकाळी फुटली होती आणि तिथे सरकारी तत्परतेने पत्रा ठोकला होता. “तिथून बाहेरचं नाई दिसत ना,” तो म्हणाला, आणि पुढच्या बाकाकडे गेला. व्यापारी माझ्याकडे पाहून हसला. मीही हसलो. तेव्हा मी त्याच्यावर हसणाऱ्यांतलाच होतो, हे आधी सांगून टाकतो.

ही ऐंशीच्या पुढची चार-पाच वर्षं. माझं घर पांढुर्ण्याला आणि नोकरी सौंसरच्या शाळेत. बायको म्हणायची, तिकडे खोली करा. पण मला माझ्या घरचा चहा आणि माझी खाट सोडवत नव्हती. त्यामुळे सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी, असं माझं अर्धं आयुष्य त्या रस्त्यावर गेलं. रोज जाणाऱ्याची कंडक्टरशी ओळख व्हायचीच. माझ्याशेजारची खिडकी रिकामी असली की तो मोहगावच्या अलीकडे माझ्याजवळ येऊन बसायचा. पुढे पुढे मीच रुमाल टाकून ती जागा धरून ठेवू लागलो.

माणूस गमतीचा होता. गाडीत चढणाऱ्या प्रत्येक म्हातारीला तो मामी म्हणायचा आणि प्रत्येक मामीला बसायला जागा मिळेपर्यंत घंटी मारायचा नाही. “सरका ना भाऊ, थोडं थोडं सरका, जीव सगळ्याइले आहे,” असं म्हणत तो तिघांच्या बाकावर चार जण बसवायचा आणि कोणाला राग येऊ द्यायचा नाही. संत्र्याच्या मोसमात टोपल्यांनी गाडी भरून जायची. कोणी एखादं संत्रं पुढे केलं तर घ्यायचा, सोलायचा आणि अर्धं ज्याचं त्याला परत द्यायचा.

पण खिडकीशी बसला की हाच माणूस वेगळा व्हायचा. बाहेर संत्र्यांचे बगीचे, पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वावरं, तारेचे खांब मागे पळायचे आणि त्याचे डोळे त्यांच्यामागे धावायचे. एक खांब धरायचे, मागपर्यंत सोडायला जायचे, झटकन परत यायचे, दुसरा धरायचे. मान हलायची नाही, फक्त डोळे. मी एकदा त्याला चिडवलं, की खांब मोजायचं काम सरकारने तुमच्याकडेच दिलं आहे का.

“मोजत नाई, गुरुजी,” तो म्हणाला. “डोळे जाऊन राहिले तं जाऊ देतो. बरं वाटते.”

मला ते वेडगळ वाटलं. गणिताचा मास्तर मी. न मोजता खांब पाहायचे, ही गोष्ट मला पटणारीच नव्हती.

मग एका सकाळी मोहगावच्या थांब्यावर गाडीतून वाफ निघायला लागली. ड्रायव्हर खाली उतरला, डब्यातलं पाणी आधी इंजिनात ओतलं आणि उरलेलं घेऊन रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून तोंड धुऊ लागला. कंडक्टर दारात उभा होता. त्याने ते पाहिलं, आणि त्याच्या हातातून तिकिटांची पेटी सुटून पायरीवर आदळली. चेहरा पांढराफटक. दांडी इतकी घट्ट धरलेली की मला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. लोक म्हणाले, पित्त असेल. मी त्याला आणून खिडकीशी बसवलं. गाडी सुरू झाली, खांब मागे जाऊ लागले, आणि बगीचा लागल्यावर तो बोलायला लागला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात, जाम नदीच्या पात्रात, गोटमार होते. पात्राच्या मध्ये पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. या काठाला पांढुर्ण्याचे, त्या काठाला सावरगावचे. गोटे मारत मारत झेंड्यापर्यंत पोचायचं. डोकी फुटतात, एखाद्या वर्षी माणूसही जातो. आणि संध्याकाळी झेंडा देवीच्या देवळात गेला की सगळं संपतं. कोणाचा गोटा कोणाला लागला, हे कोणी विचारायचं नाही, कोणी मनात धरायचं नाही. दोन्ही काठांच्या एकमेकांत सोयरिकी. मनात धरलं तर गाव चालायचं कसं? ही रीत मी लहानपणापासून ऐकत आलो आणि मला तिचा अभिमानच होता.

नोकरी लागण्याच्या आधी, विशीत असताना, हा कंडक्टर या काठावर होता आणि त्याचा शाळेतला मित्र त्या काठावर. दोघे एका बाकावर शिकलेले. दर वर्षी दिवसभर एकमेकांवर गोटे मारायचे आणि संध्याकाळी एकाच ताटात जेवायचे. त्या वर्षी संध्याकाळ आलीच नाही.

“तो मले दिसला, गुरुजी. मी पाहूनच मारला,” तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला. “लोक म्हणतात, गर्दीत कोणाचा लागला कोणाले माहीत. मले माहीत आहे ना. लागला तं तो माह्याकडे पाहून हसला. मंग पाण्यात खाली बसला. माणूस तोंड धुवाले बसते ना, तसा. मले वाटलं, तोंडच धुऊन राहिला.”

सौंसरच्या स्टँडवर गाडी थांबली आणि तो वाक्याच्या मध्येच थांबला. पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही गाडी गावाबाहेर पडल्यावर. मी स्टँडवरच्या टपरीवर त्याला चहा पाजून विचारून पाहिलं, शाळेच्या ओट्यावर बसवून पाहिलं. उभ्या जागी त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. गाडी धावू लागली, खांब पळू लागले, की जिथे सोडलं होतं तिथून पुढे. असं एकेक वाक्य करत दोन-अडीच महिन्यांत त्याने मला सगळं सांगितलं. मी काही फार शहाणं बोललो नाही. हं, मग, असं म्हणत बसलो.

तो त्या मित्राच्या घरी गेला होता. तेराव्याच्या आधीच. मित्राच्या आईचे पाय धरले आणि सांगितलं की गोटा माझा होता. म्हातारीने त्याला उठवलं, तोंडावरून हात फिरवला, म्हणाली की बाप्पा, असं बोलू नये, देवीच्या मनात होतं, आणि त्याला जेवायला वाढलं. मित्राच्या भावाने खांद्यावर हात ठेवला. ठाण्यात गेला तर जमादाराने घरी जा म्हटलं. ज्याला ज्याला सांगितलं, त्याने त्याने त्याला माफ करून टाकलं, आणि तेही न ऐकताच.

“एकानं तरी गालात मारली असती,” तो मला म्हणाला. “निदान ऐकून तरी घेतलं असतं. वीस वर्षं झाली, सगळे म्हणून राहिले, तुहा काय दोष. मंग ज्याचा दोष आहे तो कुठी आहे?”

रीत म्हणून ज्या गोष्टीचा मला अभिमान होता, तिच्याखाली हा माणूस वीस वर्षं दबून होता.

दर वर्षी गोटमारीच्या दिवशी तो मागून डबल ड्यूटी घ्यायचा. सकाळी छिंदवाड्याची गाडी, परत फिरून नागपूरची. गावात पाय ठेवायचा तो झेंडा देवळात गेल्यानंतर. इतरांना सुट्टी हवी असायची, त्यामुळे ड्यूटी मिळायला अडचण नसे. एरवी तो झोपेतून ओरडत उठायचा, नळावर कोणी तोंड धूत असेल तर गल्ली बदलून जायचा. त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, करायचे ते सगळे उपाय केले होते. बोरगावकडच्या एका भगताने दंडाला गंडा बांधला. मोहगावच्या वैद्याने डोक्याला चोळायचं तेल दिलं. गावातल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, तर हा तिकिटं फाडताना डुलक्या घेऊ लागला.

आता मला चेव आला. शिकलेल्या माणसाला येतो तो चेव. मी ठरवलं की गंडे-तेलं पुरे, याला मनाचा डॉक्टर पाहिजे आणि तो मी शोधून काढणार. तेव्हा आमच्याकडे मनाचा डॉक्टर म्हटलं की लोकांना फक्त वेड्यांचं इस्पितळ आठवायचं. मी हेडमास्तरांना विचारलं, त्यांनी आवाज खाली आणून विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. औषधांच्या दुकानदाराला विचारलं, त्याने मला ब्राह्मीचं तेल दिलं. शेवटी नागपूरच्या मेहुण्याने एका डॉक्टरांचा पत्ता काढला. शेजाऱ्यांना आम्ही सांगितलं की चष्म्याचा नंबर काढायला चाललो आहोत.

जाताना तो खिडकीशी बसला होता आणि खुशीत होता. कोंढाळीचे बगीचे चांगले की आपले, यावर आम्ही वादही घातला. पण दवाखान्यात गेलो आणि तो मुका झाला. चार भिंतींची खोली, डोक्यावर पंखा, समोर टेबल. डॉक्टर भले होते. त्यांनी तीन-तीनदा प्रेमाने विचारलं. हा आपल्या चपलांकडे पाहत बसला. बाहेर माणसांची रांग होती. मग मीच बोललो.

मी फार चांगलं बोललो. शाळेत भाषणं करायची सवय. गोटमार सांगितली, झोपेतलं ओरडणं सांगितलं, ड्रायव्हरने तोंड धुतलं तो प्रसंग सांगितला. आणि वर हेही सांगितलं, की डॉक्टरसाहेब, चालत्या गाडीत हा तासन्‌तास खिडकीबाहेर एकटक पाहत असतो, डोळे सारखे हलत असतात, भान नसतं. आजाराचं लक्षण म्हणून सांगितलं. बरं वाटतं म्हणून पाहतो, हे त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं होतं. ते सांगायचं मला सुचलं नाही.

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि एक चिठ्ठी दिली: धावत्या गाडीवरचं काम देऊ नये, बैठं काम द्यावं. त्यांनी ऐकलं त्यावरून योग्य तेच लिहिलं. परतीच्या गाडीत मी खूश होतो. घरी येऊन डेपोच्या साहेबांच्या नावाचा अर्ज मीच लिहिला, माझ्या वळणदार अक्षरात, खाली रेघ मारून. ते अक्षर फार सुंदर आलं होतं, हे मला अजून आठवतं.

अर्ज लगेच मंजूर झाला. त्याला स्टँडच्या मागच्या सामानाच्या खोलीत बसवलं. जुने टायर, ग्रीसचे डबे, एक टेबल आणि वर एक झरोका. वहिनींनी माझ्या घरी पेढे आणून दिले.

पंधरा दिवसांनी तो माझ्याकडे आला. दाढी वाढलेली. “गुरुजी, त्याइले सांगा ना, मले गाडीवर पाठवा. मी आता चांगला आहो,” म्हणाला. तो चांगला नव्हता, हे आंधळ्यालाही दिसत होतं. मी त्याला समजावलं की गोळ्यांना वेळ लागतो, धीर धर. महिन्याने परत आला. मी परत तेच सांगितलं, थोडं रागावून. तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही, नुसता ओट्यावर बसून राहिला, आणि मी वह्या तपासत राहिलो.

मग तो आपल्या आठवडी सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून माझ्याबरोबर सौंसरला यायला लागला. मी शाळेत जायचो आणि तो तीच गाडी पकडून परत. वहिनी काळजीने मला विचारायला आल्या की असं गाडीगाडीने फिरणं बरं आहे का. मी म्हणालो, नाही. डॉक्टरांनी आराम सांगितला आहे, सुट्टीला घरी बसवा. त्यांनी बसवलं. वहिनी गुरुजींचं ऐकणाऱ्या होत्या.

त्या वर्षीचा पोळा आला. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी. मी सकाळी अंघोळ करून, पुरणपोळीवर तूप वाढून घेत होतो. नदीकडून ढोलांचा आवाज सुरू झाला, लोकांचा ओरडा सुरू झाला, आणि घास हातात असताना मला आठवलं की या वर्षी याला ड्यूटी नाही. आपण याला गावातच ठेवलं आहे. स्टँडमागच्या त्या खोलीत, जिथून नदी हाकेच्या अंतरावर आहे.

मी तसाच धावलो. खोलीला कुलूप होतं. घरी गेलो, वहिनी म्हणाल्या की सकाळीच कामावर गेले. मी नदीवरही जाऊन पाहिलं. गोटे चुकवत, दुसऱ्या बाजूलाही. संध्याकाळी स्टँडवर एका नव्या कंडक्टरने सांगितलं: सकाळच्या पहिल्या गाडीने गेले ना ते. छिंदवाड्याचं तिकीट काढलं. डाव्या बाजूला एक बाई लेकराला घेऊन बसली होती, तिला म्हणाले, जरा खिडकी देता का, मामी. तिने दिली.

त्यानंतर तो आमच्या गावात आला नाही.

छिंदवाड्याला उतरून त्याने दुसरी गाडी पकडली, एवढं कळलं. पुढे काही महिने बातम्या यायच्या. कोणी म्हणे, शिवनीच्या गाडीत पाहिला. कोणी म्हणे, बैतूलच्या. नेहमी गाडीत, नेहमी खिडकीशी. कुठे काम करताना, कुठे राहताना कोणी पाहिला नाही. मी वहिनींच्या भावाला घेऊन चार वेळा जाऊन आलो. स्टँडवर उभं राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या डाव्या बाजूच्या खिडक्या पाहायच्या, एवढंच आम्हाला करता आलं. मग बातम्याही थांबल्या.

खूप वर्षांनी माझ्या भाचीने मला एक गोष्ट सांगितली. ती मनाच्या आजारांचं शिकली आहे. म्हणाली, मामा, आता एक उपाय निघाला आहे. मनाला मोठा घाव बसलेल्या माणसासमोर बसून बोट डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवतात. त्याचे डोळे बोटामागे जातात आणि तो झालेलं आठवत जातो. काहींना त्याने आराम पडतो. मी तिला विचारलं, बोटाऐवजी खांब असले तर?

ती हसली. तसं नसतं म्हणाली. नुसते डोळे हलवून काही होत नाही, समोर शिकलेलं माणूस लागतं, शांतपणे ऐकून घेणारं. मी तिला सगळी गोष्ट सांगितली. शेवटाला तिचं हसू गेलं होतं. “मामा, ते कशाने बरं वाटत होतं, मी सांगू शकत नाही,” ती म्हणाली. “पण अडीच महिने शेजारी बसून ऐकत तर तुम्हीच होतात.”

मी त्याच्यासाठी नागपूरपर्यंत माणूस शोधत गेलो होतो.

त्याच आठवड्यात मी वहिनींकडे गेलो. त्या आता थकल्या आहेत. दारात बसून वाती वळत होत्या. मी त्यांना सांगितलं की गाडीवरून त्याला मी काढलं. डॉक्टरांना चुकीचं मी सांगितलं, अर्ज मी लिहिला, परत पाठवा म्हणून तो तीनदा आला तेव्हा हाकलला मी, आणि घरी बसवा हेही मीच सांगितलं. सगळं सांगायला गेलो होतो. अर्ध्यावर पोचलो असेन, तर त्यांनी वाती बाजूला ठेवल्या आणि माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

“असं नका बोलू, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “तुमी तं चांगल्यासाठीच केलं. तुमचा काय दोष?”

मला उरलेलं बोलता आलं नाही. पाणी प्यायलो आणि उठलो. गालात मारली असती तर बरं झालं असतं, असं त्याला का वाटायचं, ते मला त्या दारात कळलं.

आता मी निवृत्त आहे, सौंसरला काही काम नसतं. तरी महिन्या-दोन महिन्यांनी त्या गाडीने जाऊन येतो. डाव्या बाजूला खिडकीशी बसतो. गाडी नवी आहे, बगीचे बरेच तुटले, खांब अजून आहेत. मोहगाव मागे पडलं की मी मनातल्या मनात पहिल्यापासून सांगायला सुरुवात करतो. शेजारी रुमाल टाकून ठेवलेला असतो. कोणी विचारलं तर मी जागा देऊन टाकतो, पण विचारल्याशिवाय उचलत नाही.

तो असेल तर आता सत्तरीच्या पुढे असेल. तुम्ही पुष्कळ फिरता. शिवनीकडे, बैतूलकडे, आणखी कुठे. एखाद्या गाडीत एखादा म्हातारा तुमच्या बाकापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, जरा खिडकी देता का, तर त्याला द्या. आणि तो बोलायला लागला तर त्याचा काही दोष नाही, असं सांगू नका. त्याचं उतरायचं ठिकाण येईपर्यंत ऐका.